अठरा ओगराळ्यांचं चाक

"आधी पाणी, मग चाक, मग काटा. काटा दोनशेवीसवर आला की मी खालून हात वर करीन. तोवर बटणाला कुणीही हात लावायचा नाही," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"कळलं गं बाई," गुंडूमामा म्हणाले. "पाहुण्यांच्या देखत किती वेळा तेच तेच?"

पाहुणे म्हणजे तालुक्याचे सभापती दौलतराव. जांभळटेकच्या तान्हुबाईच्या अंगणात एकुलत्या एका खुर्चीवर ते बसले होते. समोर बांबूला ठोकलेली फळी, फळीवर काळं बटण आणि बटणाभोवती झेंडूची माळ. वाडीची सोळा घरं, घरटी एक बल्ब. तारा ओढून झाल्या होत्या. साठ-सत्तर पावलं खाली ओढ्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली माझं यंत्र उभं होतं. सभापतींना साडेबाराला आजऱ्यात लग्न गाठायचं होतं आणि जोशीबुवांनी बटण दाबायचा मुहूर्त दिला होता दहा बावन्नचा.

मी यंत्र 'माझं' म्हणते आहे, पण त्या सकाळी तसं म्हणणारी मी एकटीच होते.

गडहिंग्लजला आमचं मोटर वायंडिंगचं दुकान. वडील गेल्यावर मामांनी मला आणि आईला आपल्याकडे आणलं, आणि मी सतरा वर्षांची असताना माझ्या हातात तांब्याची तार दिली. जळालेल्या मोटरीचं जुनं वेटोळं उपसायचं, खाचा साफ करायच्या, नवी कॉइल भरायची, वार्निश द्यायचं. दोन वर्षांत माझा हात मामांपेक्षा साफ झाला, हे मामाच सांगायचे. पण सांगायचे ते घरात, जेवताना. दुकानात मधोमध एक फुलाफुलांचा पडदा होता. गिऱ्हाईक आलं की मी पडद्याआड. "बाईनं भरलेली मोटर कोण नेणार, अनसे?" मामा म्हणायचे. गिऱ्हाईक मोटर घेऊन जाताना म्हणायचं, "गुंडोपंत, तुमच्या हाताला तोड नाही." आणि मामा आपले हात पुसत हसायचे. अकरा वर्षं मी ते हसू पडद्याच्या भोकातून पाहिलं. मामांवर माझा जीव होता, आणि त्या हसण्याचा मला संताप यायचा. दोन्ही एकाच वेळी होतं.

यंत्राची सुरुवात भुताटकीतून झाली. हिरण्यकेशीकाठच्या एका शेतकऱ्यानं दुकानात येऊन सांगितलं की वीज गेली तरी त्याच्या पंपाच्या खोपीतला बल्ब पेटतो, पांढराफटक होतो आणि फुटतो. मांत्रिकालाही दाखवून झालं होतं. मामा हसले. मी पडद्याआड बसून विचार करत राहिले. टेकडीवर चढलेलं पाणी वीज गेल्यावर पाइपातून मागं येतं, पंप उलटा फिरवतं, पंपाबरोबर मोटर फिरते. मोटरीला वीज साठवणारा कंडेन्सर जोडलेला असतो. म्हणजे फिरवणारं कुणी असेल तर मोटर वीज खायची सोडून वीज देते! मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "उद्या म्हणशील, गाईला दूध पाजलं की ती गवत देते."

तान्हुबाई आमच्याकडे भाताच्या गिरणीची मोटर घेऊन यायची. साठीची, काटक, तोंडाची फटकळ. तिच्या वाडीत वीज नव्हती. सोळा घरांसाठी डोंगरात खांब रोवायला कुणी तयार नव्हतं. गिरणी तिच्या भावाची, खालच्या गावात. तिच्या वाडीजवळ ओढा बारा महिने कड्यावरून पडतो हे तिच्याकडून कळलं, आणि मी पडदा बाजूला करून थेट बाहेर आले.

"मावशी, त्या पाण्यावर दिवे लावून देते. कराल का मदत?"

तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "हिला येतंय व्हय काय?" तिनं मामांना विचारलं.

"खूळ आहे पोरीचं," मामा म्हणाले.

"मला येतंय का ते मला विचारा," मी म्हणाले.

त्या दिवशी मामांशी माझं कडकडून भांडण झालं आणि शेवटी करार झाला. भंगारातली दोन हॉर्सपॉवरची मोटर मी घ्यायची, रविवारी वाडीवर जायचं. दिवे लागले तर पडदा निघेल. नाही लागले तर पुन्हा कधी पडद्याचं नाव काढायचं नाही. "लागू देत तर," मामा म्हणाले होते.

आठ महिने लागले. चाकाला पाणी झेलायला खोल वाट्या हव्या होत्या, आणि पत्र्याच्या केलेल्या सगळ्या वाट्या पाण्याच्या माऱ्यानं दुमडल्या. मग तान्हुबाईनं घराघरांतून ओगराळी गोळा केली, पंगतीत आमटी वाढायची ती जाड पितळी. अठरा ओगराळी. मी दांडे कापून ती लोखंडी चाकावर बोल्टांनी बसवली. पुढं वाडीत एक बारसं झालं तेव्हा आमटी तांब्यानं वाढली, आणि पाहुण्यांनी नावं ठेवली. एकदा वीज इतकी उसळली की सहा बल्ब एका दमात फुटले. एकदा मोटरीच्या आतला फिरता रोटर माझ्या हातातून दगडावर पडला आणि त्यानंतर तीन रविवार यंत्र मुकं झालं. त्या मुकेपणाचं औषध सापडेपर्यंत मी मामीशी, आईशी, दुकानातल्या मांजराशीसुद्धा भांडले. आणि मग समारंभाच्या आठवड्यातल्या मंगळवारी, दुकानातून सुट्टी घेऊन, फक्त तान्हुबाईच्या साक्षीनं, यंत्राच्या छपराखालीच टांगलेले सोळाच्या सोळा बल्ब लागले.

ही बातमी मामांनीच सभापतींपर्यंत पोचवली. कशी पोचवली ते मला त्या सकाळी अंगणात कळलं. दौलतराव जीपमधून उतरले आणि म्हणाले, "गुंडोपंत, तालुक्याचं नाव काढलंत." मामांनी हात पुसले आणि ते हसले.

इथं पडदा नव्हता, तरी ते हसू तसंच होतं. आधी दिवे लागू देत, मग बघू, असं मनाशी म्हणत मी खाली यंत्राकडे गेले.

पूजा लांबली. वरच्या बांधाची फळी उचलायला वाडीतला माणूस गेला तोच उशिरा. पाणी पाटातून पाइपात आणि पाइपातून चाकावर यायला दहा मिनिटं लागतात. मी व्होल्टच्या मीटरवर डोळे लावून उभी होते. चाक कोरडं होतं. आणि वर अंगणात टाळ्या वाजल्या.

टाळ्या कशाच्या, हे मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. दहा बावन्न झाले होते. मुहूर्त टळू नये म्हणून सभापतींनी बटण दाबलं होतं. पाणी नाही, चाक नाही, वीज नाही, आणि माणसं टाळ्या वाजवत होती.

"बटण बंद करा!" मी ओरडले. ओढ्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार!

तेवढ्यात पाणी आलं. चाक फिरायला लागलं, पट्टा पळायला लागला, मोटर घुमायला लागली. काटा मात्र शून्यावर. तो तसाच राहणार हे मला माहीत होतं. झोपेतून उठवल्या उठवल्या कुणाच्या डोक्यावर सोळा घागरी ठेवल्या तर तो उभा राहील काय? ही मोटर आधी रिकामी फिरू द्यायची. ती हळूहळू वीज धरते, मग तिला काम सांगायचं. बटण चालू ठेवून फिरवली तर जन्मभर फिरेल आणि ठिणगीसुद्धा देणार नाही. उपाय सोपा होता. वर जाऊन बटण बंद करायचं, एवढंच.

मी वळले तर मामा उतारावरून खाली येत होते. मागं सभापती, त्यांचा ड्रायव्हर, सगळी वाडी. आणि मामांच्या हातात हातोडी.

"बेअरिंग धरलंय," मामा म्हणाले.

"बेअरिंगला काही झालेलं नाही, मोटर फिरतेच आहे. वरचं बटण..."

"तू सरक."

त्यांनी व्हॉल्व्ह पिळून पाणी बंद केलं. चाक थांबलं. मोटर अडली की शाफ्टच्या टोकावर हातोडीचे ठोके घालायचे, ही आमच्या धंद्यातली पहिली विद्या. दहा मोटरींतल्या आठ तेवढ्यानं सुटतात. मामांच्या हाताला तीस वर्षांची सवय होती. मी त्यांचा हात धरायच्या आत दोन सणसणीत ठोके बसले.

"मामा!"

"काय झालं ओरडायला?"

मी वर अंगणात थांबलेल्या तान्हुबाईला हातवारे करून बटण बंद करायला लावलं आणि व्हॉल्व्ह उघडला. आता चाकावर कसलंही ओझं नव्हतं. ते मंगळवारच्यासारखंच सुसाट फिरलं. मी काट्याकडे पाहिलं. शून्य. पन्नास मोजले. शून्य. शंभर मोजले. काटा हलला नाही.

माणसं कुजबुजायला लागली. दौलतरावांनी घड्याळ पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू न घालवता ते म्हणाले, "काय गुंडोपंत? तुम्ही केलंय म्हणून मी एवढा डोंगर चढून आलो. हे हो काय?"

मामा माझ्याकडे बघायला तयार नव्हते. त्यांनी हातोडी पिशवीत टाकली.

"हे मी केलेलं नाही, साहेब," ते मोठ्यानं म्हणाले. "हे अनसूनं केलंय. सगळं हिचंच आहे."

अकरा वर्षांत पहिल्यांदा मामांनी चारचौघांत माझं नाव घेतलं होतं. आणि ते असं.

सगळ्या नजरा माझ्याकडे वळल्या. कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मान खाली घालून निघून जावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. मोटर फिरत होती, पाण्याचे तुषार माझ्या पाठीवर उडत होते. मी ओल्या हातांनी पदर खोचला.

"होय," मी म्हणाले. "माझंच आहे. चाक माझं, मोटर माझी, कॉइल मी भरलेली. आणि आत्ता लागत नाहीत ते सोळा दिवेही माझेच. कुणाला हसायचं असेल त्यानं हसून घ्या. मग मला जीपची बॅटरी काढून द्या."

"काय?" सभापती म्हणाले.

"बॅटरी. पाच मिनिटांसाठी."

"साहेबांना लग्नाला जायचंय बाई," ड्रायव्हर म्हणाला. "आणि बॅटरीवर सोळा बल्ब लावून दाखवणार व्हय? ते तर मीबी दाखवीन."

"बॅटरीवर दिवे लागणार नाहीत. बॅटरी लगेच परत देणार."

"मग कशाला पायजे?"

आता कसं सांगू? मोटर थांबली तरी तिच्या लोखंडात थोडंसं चुंबक उरतं. त्या एवढ्याशावरच ती पुन्हा वीज धरते. ठोके बसले की ते झडून जातं, आणि मोटर मुकी होते. दगडावर रोटर पडल्यानंतरचे ते तीन रविवार मी याच कोड्यात काढले होते. बॅटरीची वायर क्षणभर लावली की लोखंड पुन्हा शुद्धीवर येतं. हे सगळं मी सांगायला लागले, पण मामा मान हलवत म्हणाले, "पोरी, पुरे आता. किती शोभा करून घेशील?"

दौलतराव चालायला लागले. ड्रायव्हर किल्ली फिरवत पुढं निघाला. मी तिथंच उभी होते. पडदा आता कायमचा, हे मला दिसत होतं.

वर वाटेवर तान्हुबाई जीपच्या पुढ्यात उभी होती. उभी कसली, बसली होती, फतकल मारून. तिच्या शेजारी आणखी पाच-सहा बायका.

"उठा मावशी," ड्रायव्हर म्हणाला.

"का म्हणून? माजं वगराळं त्या चाकात हाय. हिचं हाय, तिचं हाय. अठरा हायत. सा म्हैनं आमी आमटी तांब्यानं वाडली, सोयऱ्यांच्यात नाक कापून घितलं. ती पोरगी बॅटरी मागती तर द्यायला काय झालं? का बॅटरीला बी मुहूर्त बगायचा?"

बायका खळखळून हसल्या. वाडीतले पुरुष इकडेतिकडे बघायला लागले. दौलतराव थांबले. माणूस राजकारणातला होता, सहा बायकांच्या अंगावरून जीप जात नाही हे त्याला कळत होतं. आणि मला वाटतं, त्यांना थोडी मजाही वाटली असावी.

"काढ रे बॅटरी," ते म्हणाले. "पाच मिनिटं म्हणाली ना? सहावं झालं तर निघायचं."

दोघांनी बॅटरी खाली आणली. मी पाणी बंद केलं, मोटरीच्या दोन वायरी सोडवल्या, बॅटरीच्या टोकांना टेकवल्या. ठिणगी उडाली. एक, दोन, तीन मोजलं आणि काढून घेतल्या. वायरी परत जागेवर आवळताना ओल्या हातातून पाना दोनदा निसटला. मामा शेजारी उभे होते. त्यांनी पाना उचलून माझ्या हातात दिला.

मी व्हॉल्व्ह उघडला.

चाक फिरलं. पट्ट्यानं वेग धरला. काटा शून्यावर होता. मग मला वाटलं तो हलला. भास असेल म्हणून मी डोळे मिटून उघडले. वीस. चाळीस. मोटरीचा आवाज बदलला, भरदार झाला. एकशेदहा. मग एकदम झेप घेतल्यासारखा काटा दोनशेवीसवर जाऊन थरथरत उभा राहिला.

मी हात वर केला. वर तान्हुबाईनं बटण दाबलं. सभापतींची वाट तिनं पाहिली नाही.

आणि काहीच दिसलं नाही! भर उन्हातले साडेअकरा वाजलेले, बल्ब लागले का नाहीत कुणाला कळेना. माणसं माना उंच करून आजूबाजूच्या घरांच्या ओसरीवरच्या बल्बांकडे बघत होती. मग तान्हुबाई स्वतःच्या घरात शिरली आणि आतून ओरडली, "अगं आई गं!"

सगळे धावले. तिच्या घराला खिडकी नव्हती. चुलीपाशी भर दुपारीही चिमणी लावावी लागायची. तिथं आता बल्ब लखलखत होता, आणि तान्हुबाई तोंडावर हात ठेवून भिंतीकडे बघत होती.

"एवढी काजळी?" ती म्हणाली. "चाळीस वर्सं मी हितं सैपाक करती, आणि एवढी काजळी हाय हे मला कुणी सांगिटलं न्हाई?"

ती हसत होती आणि डोळे पुसत होती. घराघरातून आरोळ्या यायला लागल्या. मी दारातच उभी राहिले. आत जायला जागा नव्हती. इतका आनंद मला पुढं आयुष्यात फार वेळा झाला नाही.

मंडळी अंगणात आली तेव्हा लग्न साडेबाराचं होतं हे कुणाच्या लक्षात नव्हतं. दौलतराव भलतेच खुशीत होते. ड्रायव्हरनं ताट आणलं. ताटात शाल होती, नारळ होता. सभापतींनी शालीची घडी मोडली आणि हाक मारली, "गुंडोपंत, या असे पुढं."

मामा पुढं झाले. ठरवून झाले असं मी म्हणणार नाही. अंगवळणी पडलं होतं त्यांच्या. त्यांनी धोतराला हात पुसले, आणि ते हसू ओठांवर यायला लागलं.

"मामा," मी म्हणाले.

ते थांबले.

"मघाशी खाली तुम्ही साहेबांना जे सांगितलंत, ते आता पुन्हा सांगा. तेच. एक शब्दसुद्धा बदलू नका."

दौलतरावांच्या हातात शाल तशीच लोंबत राहिली. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, लाज होती, आणखीही काही होतं. माझ्या हातात पहिल्यांदा तार देताना ते असंच बघत होते. मी नजर हटवली नाही.

"हे मी केलेलं नाही, साहेब," मामा पुटपुटले. "हे अनसूनं..."

"ऐकू आलं न्हाई," तान्हुबाई म्हणाली.

मामांनी मोठा श्वास घेतला.

"हे मी केलेलं नाही, साहेब!" त्यांचा आवाज चढला, थोडा चिरकला. "हे अनसूनं केलंय. सगळं हिचंच आहे."

शब्द तेच होते. कुणीही हसलं नाही. दौलतरावांनी शाल माझ्या खांद्यावर घातली आणि मामांनी नारळ उचलून माझ्या ओंजळीत ठेवला. परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले आणि गडहिंग्लज येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तेव्हा मामा एक मोटर उघडून बसले होते. माझं सामान पुढच्या टेबलावर मांडलेलं होतं. मधली दांडी मोकळी होती, तिच्यावर नुसत्या कड्या लटकत होत्या.

"पडदा?" मी विचारलं.

"धुवायला टाकलाय," मामा मान वर न करता म्हणाले.

पस्तीस वर्षं झाली. मामाही गेले. पडदा अजून वाळतो आहे.